किचनचा कट्टा आणि बेसिनचा टॉप: दगड कुठला, कसा आणि कधी घ्यायचा (कोल्हापुरात घरकाम काढणाऱ्यांसाठी)

घरकाम काढलं की पहिल्याच रविवारी नवराबायको गोडाऊनला जाऊन ग्रॅनाइट बघून येतात, एखादी लादी आवडते, ॲडव्हान्स देऊन मोकळे होतात आणि मग त्या लादीच्या मापात कट्टा बसवायची ओढाताण सुरू होते. हा क्रमच उलटा आहे. दगड पसंत करणं हे या कामातलं जवळजवळ शेवटचं काम. आधी सिंक, शेगडी, उंची, खालचा आधार, मग माप, आणि मग दगड. एवढं जरी लक्षात ठेवलं तरी निम्मा मनस्ताप आणि बरेच पैसे वाचतात.

आम्ही कॉन्ट्रॅक्टर न लावता गवंडी, फरशीवाला, प्लंबर वेगवेगळे धरून, स्वतः उभं राहून किचन आणि दोन्ही बाथरूमचं काम करून घेतलं. त्यात जे समजलं ते सगळं इथं क्रमानं लिहिते. एक आधीच सांगते, दगड कापणं आणि उचलून बसवणं हे फरशीवाल्याचंच काम आहे, ते घरच्या घरी करायला जाऊ नका. पण माप घेणं, पुठ्ठ्याचा साचा करणं, दगड पारखणं, सीलर (तेल-पाणी दगडात मुरू नये म्हणून लावायचं द्रव) लावणं, सिलिकॉन भरणं हे कुणालाही जमतं आणि ते स्वतः केलं तरच काम मनासारखं होतं.

१. आधी तुमचा स्वयंपाक बघा

दगड निवडताना रंगाच्या आधी चार गोष्टी बघायच्या: उष्णता, आंबट, डाग आणि पाणी. आपल्या घरात काय चालतं ते आठवा. कांदा-लसूण चटणीचं तेल सांडतंय, हळद सांडतीय, लिंबू पिळलेली साल तशीच राहतीय, चिंचेचा कोळ, ताक, आमसूल, रविवारी मटणाचं मोठं पातेलं शेगडीवरून थेट कट्ट्यावर उतरतंय. बोअरचं पाणी असेल तर पांढरे क्षार बसतात ते वेगळंच. परदेशातले किचनचे फोटो बघून पांढराशुभ्र टॉप आवडणं साहजिक आहे, पण रोज तांबडा रस्सा होणाऱ्या घरात त्या टॉपचं काय होईल याचा विचार आधी करा.

घरात कट्ट्यावर सगळ्यात जास्त वेळ कोण उभं राहतं, त्या माणसाला या चर्चेत पहिलं बसवा. आमच्याकडं सासूबाईंचं मत शेवटचं धरलं आणि ते बरोबर ठरलं.

२. कुठला दगड काय सोसतो

ग्रॅनाइट: आपल्याकडं दहातल्या आठ-नऊ घरांत हाच असतो आणि त्याला कारण आहे. कडकपणा मोहच्या मापात ६ ते ७, म्हणजे साध्या सुरीनं चरा पडत नाही. लिंबू-चिंचेनं काही होत नाही, गरम भांडं सोसतं. काळा ग्रॅनाइट घट्ट असतो, पाणी-तेल फारसं पीत नाही. पांढरट, राखाडी, फिकट गुलाबी ग्रॅनाइट त्यामानानं जास्त पितो, त्याला सीलर लागतो. कोल्हापूरला जवळ पडतो तो कर्नाटकातला माल, बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचा लालसर ग्रॅनाइट तर प्रसिद्धच आहे. काळ्यावर सोनेरी ठिपके असलेला ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या चिमकुर्तीचा. एकदम कोरा काळा, ज्याला जेट ब्लॅक म्हणतात, तो दिसायला लै भारी पण त्याच्यावर पिठाचा कण आणि पाण्याचा वाळलेला थेंबसुद्धा लांबून दिसतो. बारीक ठिपक्यांचा काळा किंवा तपकिरी घेतला तर रोजचं पुसणं निम्मं होतं.

कडप्पा, शहाबादी, कोटा: हे तिन्ही चुनखडीचे दगड. स्वस्त, मजबूत, खालच्या आधाराला आणि मांडणीला एकदम चांगले, जुन्या घरांत कट्टेही याचेच असायचे. पण चुनखडी म्हटल्यावर आंबट चालत नाही, लिंबू-चिंच पडली की तिथली पॉलिश उडते आणि डाग कायमचा. वरच्या टॉपला नको, खाली बिनधास्त वापरा.

मार्बल: हाही त्याच कुळातला, कडकपणा ३ च्या आसपास. देवघराला, बाथरूमच्या बेसिनला ठीक आहे, आपल्या किचनला अजिबात नाही. दुकानदार म्हणेल सीलर मारून देतो, काही होत नाही. सीलर डाग मुरायला उशीर लावतो, पण आंबटानं वरची चकाकी जाते ती सीलरनं थांबत नाही.

क्वार्ट्झ: हा कारखान्यात बनतो, साधारण ९० टक्के क्वार्ट्झची भुकटी आणि बाकी रेझिन, म्हणजे ती भुकटी धरून ठेवणारा प्लास्टिकसारखा पदार्थ. रंग एकसारखा, पाणी पीत नाही, सीलर लागत नाही. पण रेझिन उष्णतेला नाजूक, दीडशे अंशाच्या पुढं ते करपून पिवळं पडू शकतं आणि आपल्या फोडणीचं तेल २०० अंशाच्या आसपास असतं. म्हणजे कढई-तवा थेट ठेवायचा नाही, कायम खाली स्टँड. घरात सगळ्यांना ही सवय असेल तरच घ्या. उन्हानंही रंग बदलतो, त्यामुळं गॅलरीत, बाहेरच्या धुण्याच्या कट्ट्याला तर घेऊच नका.

नॅनो व्हाइट: काचेसारखा पांढराशुभ्र. दिसायला सुंदर, पण कडेला जड भांडं आपटून टवका उडाला की दुरुस्ती दिसून येते. ज्यांच्याकडं कुकर-पातेली मोठी आहेत त्यांनी लांबच राहावं असं माझं मत.

ॲक्रिलिक सॉलिड सरफेस: सांधा दिसत नाही, चरे पॉलिश पेपरनं घासून काढता येतात. उष्णता सोसत नाही. बेसिनच्या टॉपला छान.

मोठ्या व्हिट्रिफाइड लाद्या: मोरबीचा माल आता १५ मिमी जाडीत कट्ट्यासाठी येतो. डाग, उष्णता, आंबट सगळ्याला चांगला. पण कापायला अवघड, कडा टवकतात, आणि नुसत्या वरच्या थरावर डिझाइन असेल तर कडेला आतला वेगळा रंग दिसतो. आतपर्यंत तोच रंग असलेला बघून घ्या आणि याआधी हे काम केलेला माणूस मिळाला तरच या वाटेला जा.

३. नमुने आणून रात्रभर घरी परीक्षा घ्या

गोडाऊनला तुकडे पडलेले असतात, मागितले की देतात. चार प्रकारचे तळहाताएवढे तुकडे आणा. प्रत्येकावर एका कोपऱ्यात तेलात कालवलेली हळद, दुसऱ्यात चटणीचं तेल, तिसऱ्यात लिंबाची अर्धी फोड पालथी, चौथ्यात चिंचेचा कोळ. रात्रभर ठेवा, सकाळी ओल्या फडक्यानं आणि भांड्याच्या साबणानं पुसा.

आमच्याकडं गॅलरीत वर्तमानपत्रावर हे सगळं मांडलं होतं. सकाळी काळ्या ग्रॅनाइटवरचं एका पुसण्यात निघालं. फिकट ग्रॅनाइटवर हळद बरीचशी गेली पण तेलाचा गडद गोल तसाच राहिला, तो मुरलेला होता. मार्बलवर लिंबाच्या फोडीचा अख्खा गोल छापल्यासारखा उमटला, उजेडाकडं तिरपं धरलं की मधली चकाकी गेलेली स्पष्ट दिसायची. कडप्प्यावर तर त्या जागी बोट फिरवलं की खरखरीत लागत होतं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की घरातले वाद आपोआप मिटतात, मी कितीही समजावून सांगितलं असतं तरी एवढं पटलं नसतं.

४. सिंक, शेगडी आणि नळ आधी विकत घ्या

नुसतं मॉडेल ठरवून भागत नाही, वस्तू घरात आणून ठेवा. बिल्ट-इन शेगडीचं कटआउट प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, बॉक्समध्ये त्याचं माप किंवा कागदी साचा मिळतो, तो जपून ठेवा. सिंकचंही तसंच.

इथं एक साधा हिशोब करून बघा. कट्टा सहसा २ फूट म्हणजे २४ इंच रुंद असतो. सिंकचा कट पुढून मागे १६ इंच असेल तर उरले ८ इंच, त्यात पुढं साडेतीन आणि मागं नळासाठी साडेचार. ठीक. पण कुणी १९-२० इंची मोठं सिंक आणलं तर पुढची पट्टी दोन इंचावर येते, आणि कट्टा तडकतो तो सगळ्यात जास्त याच पट्टीत. पुढं किमान ३ इंच दगड राहिलाच पाहिजे. मोठं सिंक हवंच असेल तर कट्टा २६ इंची करा, सिंक आधी आणि कट्टा नंतर म्हणते ते याच्यासाठीच.

उंची: स्वयंपाक करणारीनं चपला न घालता सरळ उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवायचं, कोपरापासून चारेक इंच खाली जे माप येतं ती कट्ट्याची उंची. पाच फूट उंचीच्या बाईला ते ३३ इंचाच्या आसपास येतं. साधी वर ठेवायची शेगडी असेल तर भांडं आणखी वर जातं, तेव्हा इंच-दोन इंच कमी चालतं. ज्यांच्याकडं रोज भाकरी थापली जाते त्यांनीही थोडं कमीच ठेवावं, परातीत थापताना खांद्यापासून जोर लागतो, उंच कट्ट्यावर खांदे भरून येतात.

आणि ही उंची फायनल फरशीपासून मोजायची. कोब्यावर उभं राहून मोजली आणि मग वर मसाला आणि टाइल्स आल्या की कट्टा दोन-तीन इंच बुटका होतो. गवंड्याला फरशीची लेव्हल भिंतीवर निळीनं मारून द्यायला सांगा आणि तिथून वर मोजा.

५. माप घ्या, साचा करा

टेप, गुण्या, लेव्हल पाईप, मार्कर आणि फ्रिज-टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा एवढंच लागतं. भिंती काटकोनात असतात हा समज सोडून द्या. कोपऱ्यात गुण्या लावून बघा, दहा फुटांत अर्धा-पाऊण इंचाचा फरक सहज निघतो. म्हणून कोपऱ्याचा आणि खिडकीच्या खाचेचा पुठ्ठ्याचा साचा करा, त्यावर 'भिंतीची बाजू' आणि 'वरची बाजू' असं मोठ्या अक्षरात लिहा. वरची बाजू लिहिली नाही तर कारागीर साचा पालथा ठेवून कापू शकतो आणि तुकडा उलट्या हाताचा होतो.

एल आकाराच्या कट्ट्याचा हिशोब असा. एक बाजू १० फूट, दुसरी ६ फूट, रुंदी २ फूट. पहिली बाजू १० × २ म्हणजे २० चौरस फूट. दुसरीतून कोपऱ्याचे २ फूट वजा करायचे, राहिले ४ × २ म्हणजे ८. झाले २८. कोपरा दोनदा धरला की ३२ होतात, बिलात हे तपासा. पुढची दिसणारी कड १२ फूट, तिला ४ इंचाची पट्टी लावली तर आणखी ४ चौरस फूट. वर कटाईतलं वाया जाणं वेगळं.

सांधा कुठं येणार तेही आत्ताच ठरवा. सिंकच्या किंवा शेगडीच्या कटवर सांधा नको, कोपऱ्यात घ्या, आणि तोही सरळ. फोटोफ्रेमसारखा तिरपा सांधा छान दिसतो पण आतल्या टोकाला दगड अणकुचीदार होऊन तुटतो.

६. कट्ट्याखाली काय आहे

१८ मिमी ग्रॅनाइटचं वजन चौरस फुटाला साडेचार ते पाच किलो. म्हणजे वरच्या मापाचा कट्टा पट्ट्या धरून दीडशे किलोच्या घरात जातो, त्यावर भरलेली भांडी, पीठ मळतानाचा जोर, आणि घरात पोरं असतील तर कट्ट्यावर चढणारी पोरं. त्याला सलग आधार पाहिजे. सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे कडप्प्याचे किंवा विटांचे उभे पाय, त्यावर आडवा कडप्पा, त्याच्यावर ग्रॅनाइट. मॉड्यूलर ट्रॉल्या बसवायच्या असतील तर दोन पायांमधलं अंतर ट्रॉलीवाल्याशी बोलून मगच ठेवा. सिंकच्या दोन्ही बाजूंना पाय हवेतच.

कोल्हापुरात पाणी येणाऱ्या भागात राहत असाल, म्हणजे २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या घरात पंचगंगेचं पाणी आलं त्यांनी, तर कट्ट्याखाली प्लायवूडचे बॉक्स करूच नका. पाणी ओसरल्यावर दगड धुऊन पुसून परत वापरता येतो, फुगलेला प्लायवूड टाकूनच द्यावा लागतो. खाली कडप्प्याची मांडणी, स्टीलच्या ट्रॉल्या आणि ॲल्युमिनियमची दारं. शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनची कामं करणारे भरपूर आहेत, माप घेऊन गेलं की स्टीलची फ्रेम करून मिळते. शाहूपुरी, कुंभार गल्ली, सुतारवाडा या बाजूच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, पण तिथं नव्यानं फ्लॅट घेणाऱ्यांना आधी कुणीतरी सांगितलं पाहिजे.

७. आता गोडाऊनला जा

हायवेकडेला गोडाऊनं आहेत, एका दिवसात दोन-तीन बघून होतात. सकाळच्या उजेडात जा, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली रंग बघू नका. बरोबर हे घ्या:

- मापाचा कागद आणि सिंक-शेगडीचे साचे
- टेप, टॉर्च, पाण्याची बाटली, पांढरं फडकं
- नेलपॉलिश रिमूव्हर आणि एक लिंबू
- खडू किंवा मार्कर

लादी आवडली की हे बघायचं.

रंग लावलेला आहे का? स्वस्त काळ्या ग्रॅनाइटमध्ये हा प्रकार चालतो, राखाडी दगडाला काळा रंग किंवा तेल मारून विकतात. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन कडेला जोरात घासा. फडकं काळं झालं तर पुढं जा, भाव कितीही कमी असू दे. सहा महिन्यांत सिंकजवळ तो दगड भुरका दिसायला लागतो. मागची बाजू आणि कापलेली कडही बघा, पुढून काळाभोर आणि कडेला राखाडी असेल तर प्रश्नच मिटला.

लिंबू: ग्रॅनाइट म्हणून दुसरंच काही देत नाहीत ना हे बघायला. एका कोपऱ्यात दोन थेंब, दहा मिनिटं थांबा. बुडबुडे आले किंवा चकाकी गेली तर तो चुनखडीचा दगड.

पाणी किती पितो: थोडं पाणी ओतून दहा-पंधरा मिनिटांनी पुसा. खाली गडद डाग राहिला तर दगड पिणारा आहे, घ्यायचाच असेल तर सीलरचा खर्च धरा.

तडा: अख्ख्या लादीवर पाणी फिरवा आणि पुसून घ्या, मग वाळताना लक्ष ठेवा. सगळीकडं वाळतं आणि तड्याची बारीक रेघ मात्र ओली राहते. नैसर्गिक शीर असेल तर बोटाला किंवा नखाला काही लागत नाही, तडा नखाला अडतो. मागं जाळी चिकटवलेली असेल तर का लावलीय ते विचारा, काही नाजूक दगडांना ती कारखान्यातच लावतात, पण कधीकधी तुटकी लादी सांधायलाही लावलेली असते. आणि नुसतं बोटाच्या पेरानं वाजवून बघा, सलग लादी टणटण वाजते, तडकलेली बद्द.

जाडी: चारही बाजूंनी टेप लावून मोजा. १८ म्हणून सांगतात आणि १५-१६ निघते. जाडी कमीजास्त असली की सांध्यावर पायरी दिसते.

सगळ्या लाद्या एकाच लॉटमधल्या घ्या आणि घेतलेल्या लाद्यांवर मागून स्वतःच्या हातानं सही-नंबर टाका, मोबाईलवर फोटो काढा. दाखवली एक आणि आली दुसरी, हे घडतं.

पॉलिश की लेदर फिनिश (चकाकी नसलेला, किंचित खडबडीत), हा प्रश्न सगळे विचारतात. लेदर फिनिशवर बोटांचे ठसे, पाण्याचे डाग दिसत नाहीत, पण बारीक खळग्यांत पीठ आणि चटणी बसते आणि ते घासून काढावं लागतं. शेगडीच्या कट्ट्याला मी पॉलिशच घेईन.

८. भाव ठरवताना

चौरस फुटाचा नुसता दर विचारून घरी येऊ नका, कारण तुलना करता येत नाही. एकाचा दर कमी दिसतो आणि बाकी सगळं वरून लागतं. प्रत्येकाला हेच विचारा आणि कागदावर लिहून घ्या: दर जीएसटी धरून की वगळून, माप पुढच्या पूर्ण आकड्याला ढकलणार का, कडेचं मोल्डिंग रनिंग फुटाला किती, सिंक आणि शेगडीचा कट प्रत्येकी किती, नळाची भोकं किती, गाडीभाडं कुणाचं, हमाली कुणाची, जिन्यानं वर चढवायचे वेगळे का, आणि उतरवताना लादी फुटली तर जबाबदारी कुणाची. शेवटचा प्रश्न जरूर विचारा.

सिंकसाठी कापून निघालेल्या तुकड्याचे पैसे तुम्ही दिलेले असतात, तो तुकडा आणि बाकीचे सगळे तुकडे घरी येतील असं आधीच बोलून ठेवा. पक्कं बिल घ्या, त्यावर दगडाचं नाव, जाडी आणि माप लिहून घ्या. फ्लॅटमध्ये काम असेल तर सोसायटीला आधी कळवून कामाच्या वेळा आणि राडारोडा कुठं टाकायचा ते विचारून ठेवा, नाहीतर लादी खाली गाडीत आणि वॉचमन वर सोडत नाही अशी वेळ येते.

९. आणणं, कापणं, बसवणं

१० फुटी लादी लिफ्टमध्ये बसत नाही. जिन्याचं वळण आधी मोजा, वळत नसेल तर तुकडे कुठं करायचे ते मापातच ठरवावं लागतं. लादी कायम उभी धरून न्यायची, आडवी नेली की स्वतःच्या वजनानं मध्ये मोडू शकते, आणि सिंकचा कट मारलेली असेल तर नक्कीच. चार माणसं लागतात, दोघांवर भागवू नका.

कटिंगबद्दल मला मनापासून सांगायचंय. ग्रॅनाइट आणि त्याहून जास्त क्वार्ट्झ कोरडा कापला की जो बारीक पांढरा धुरळा उडतो त्यात सिलिका असते, ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियानं याच कारणानं १ जुलै २०२४ पासून कारखान्यातल्या क्वार्ट्झवर बंदीच घातली. आपल्याकडं फरशीवाला तोंडाला रुमाल बांधून दिवसभर कापत बसतो. जितकं कापणं गोडाऊनला पाण्याच्या मशीनवर होईल तितकं तिथं करून आणा. घरी कापायचं ते बाहेर, ब्लेडवर पाण्याची धार सोडून, आणि कारागिराला एन-९५ मास्क तुम्ही स्वतः आणून द्या, दगडाच्या खर्चापुढं ते काहीच नाही. घरातल्या लहानांना आणि म्हाताऱ्यांना त्या दिवशी दुसरीकडं पाठवा.

बसवताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. फिकट दगड असेल तर खाली पांढरं सिमेंट किंवा पांढरा ॲडहेसिव्ह, साध्या सिमेंटचा ओलावा वर येऊन राखाडी ढग दिसतात. खाली पोकळ जागा नको, बसवून झाल्यावर सगळीकडं ठोकून आवाज ऐका. आणि लादीच्या पुढच्या कडेला खालून बारीक खाच मारून घ्या, सांडलेलं पाणी तिथंच थेंब होऊन खाली पडतं, आत ट्रॉलीवर ओघळत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

१०. बाथरूमच्या बेसिनचा टॉप

इथं उष्णता नाही, चटणी नाही, त्यामुळं निवड मोकळी. किचनचा उरलेला ग्रॅनाइट बहुतेक वेळा पुरतो, नवीन घ्यायची गरज नाही. मात्र बोअरचं पाणी असेल तर काळा नको, क्षारांचे पांढरे डाग रोज दिसतील. मार्बल लावलात तर बाथरूम ॲसिडनं धुणं कायमचं बंद करा, एकदा शिंतोडे उडाले की झालं.

उंचीत लोक फसतात ती वर ठेवायच्या बेसिनला. बेसिनची वरची कड जमिनीपासून ३२ ते ३४ इंच पाहिजे. वाटी ५-६ इंच उंच असेल तर दगड २७-२८ वर बसवायला हवा. दगड ३२ ला बसवला आणि वर वाटी ठेवली की पोरांना तोंड धुता येत नाही आणि मोठ्यांच्या कोपरावरून पाणी ओघळतं. नळही उंच बॉडीचा लागतो, आधी घेऊन ठेवा. लोखंडी अँगलचा आधार बाथरूममध्ये गंजतो, स्टीलचे ब्रॅकेट करा किंवा दगडाचेच उभे पाय. पाण्याचे पॉइंट आणि ड्रेनेज दगड बसण्याआधी पाणी सोडून तपासा.

११. सांधे, सिलिकॉन, सीलर

हे काम तुमचं. कट्टा आणि भिंतीच्या टाइलमध्ये सिमेंट भरलं की काही महिन्यांत बारीक फट पडते आणि झुरळांची सोय होते. तिथं सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन दगडाला नको, न्यूट्रल लिहिलेलं आणि बुरशीरोधक घ्या. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, भरा, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एका दमात ओढा, ओलं असतानाच टेप काढा. एक दिवस पाणी लावायचं नाही.

शेगडीमागच्या टाइल्सच्या फटींत सिमेंटचं ग्राउट (फटी भरायचा मसाला) भरलं तर हळदीनं पिवळं पडतं, तेवढ्या भागात तरी इपॉक्सी ग्राउट भरा. ते थोडं थोडंच कालवा आणि लगेच पुसा, टाइलवर वाळलं की निघता निघत नाही.

फिकट ग्रॅनाइटला सीलर लावायच्या आधी दगड पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात तर जास्तच थांबा, ओल आत असताना सीलर मारला की ती आतच अडकते. कपड्यानं लावा, डब्यावर दिलेल्या वेळानं उरलेलं पुसून घ्या, नाहीतर वर चिकट थर राहतो. पुढं वर्षातून एकदा पाण्याचे थेंब टाकून बघा, थेंब मुरायला लागले की परत एक हात.

रोज पुसायला भांड्याचा सौम्य साबण आणि पाणी पुरतं. फिकट दगडावर तेल मुरलंच तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून घट्ट लगदा करा, डागावर थापा, वर प्लास्टिकचा कागद लावून रात्रभर ठेवा, सकाळी खरवडून काढा. जुना डाग असेल तर तीन-चारदा करावं लागतं.

उरलेल्या तुकड्यांपैकी सिंकच्या कटमधून निघालेला मोठा तुकडा कडा गोल करून घ्या, पिठलं-आमटीची गरम पातेली टेबलावर ठेवायला होतो. लहान पट्ट्या खिडकीच्या खाली, बाथरूमच्या उंबऱ्याला आणि साबण ठेवायच्या कोनाड्यात बसतात, फरशीवाला घरात आहे तोवरच लावून घ्या, एवढ्याशा कामाला तो परत येत नाही.